दांभिक कोण? : मागे घेतलेल्या एका शोधनिबंधाचे वाचन

मागे घेतलेला शोधनिबंध समीक्षेच्या वाट्याला सहसा येत नाही. तो रद्द झाला, म्हणजे त्याविषयी बोलण्यासारखे काही उरले नाही, अशी आपली समजूत असते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या दोन संशोधकांचा २०२१ सालचा एक निबंध मात्र मला दखल घेण्याजोगा वाटतो. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये लपवाछपवीने दोष घुसवता येतात का, हा त्याचा विषय. वरवर दुरुस्ती वाटणाऱ्या, पण आत दोष दडवलेल्या बदलांना त्याच्या शीर्षकात 'हिपोक्रिट कमिट्स', म्हणजे दांभिक दुरुस्त्या, असे नाव दिले आहे. दुरुस्ती दांभिक कशी असेल? दांभिक असतो तो ती पाठवणारा. निबंधाने माणसाचे विशेषण वस्तूला चिकटवले, आणि माझ्या मते त्याची सगळी अडचण इथूनच सुरू होते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्सने सुरू केलेले लिनक्स कर्नल आज अँड्रॉइड फोनपासून महासंगणकांपर्यंत सर्वत्र आहे. त्यात कोणीही बदल सुचवू शकतो. सुचवलेला बदल त्या त्या विभागाचे देखभालकर्ते वाचतात आणि पटला तर स्वीकारतात. यातले बरेच जण कंपन्यांचे पगारदार आहेत, त्यामुळे त्यांना संतमंडळी समजण्याचे कारण नाही. पण अनोळखी माणसाने पाठवलेले काम ते प्रामाणिकपणाचे समजून वाचायला घेतात, हे खरे.

ऑगस्ट २०२० मध्ये संशोधकांनी खोट्या नावांनी अशा मोजक्या दुरुस्त्या पाठवल्या. कोणाची संमती घेतली नाही. आधी सांगितले तर वाचणारे सावध होतील, हे त्यांचे कारण. हे प्रथमदर्शनी पटते, पण टिकत नाही. कंपन्यांच्या सुरक्षेची चाचणी अशीच होते. कर्मचाऱ्यांना पत्ता नसतो, वरिष्ठांची मात्र परवानगी असते. इथे प्रकल्पाच्या प्रमुखांपैकी कोणालाही विचारले गेले नाही.

आपला अभ्यास 'प्रक्रियेचा' आहे, व्यक्तींचा नाही, असे संशोधकांचे म्हणणे होते. विद्यापीठाच्या नीतिसमितीनेही हे मानवी व्यक्तींवरचे संशोधन नव्हे, असाच निर्वाळा दिला. वाङ्मयाच्या वाचकाला ही भाषा ओळखीची वाटेल. कर्ता वाक्यातून काढून टाकला की जबाबदारीही निघून जाते. पण दुरुस्त्या तपासण्याची ही प्रक्रिया म्हणजे दुसरे काय? कोणीतरी आपला वेळ घालून दुसऱ्याने लिहिलेले वाचतो, एवढेच. वाचणारा वगळला तर अभ्यासायला काही उरतच नाही. निबंधाची एक शिफारस तर मासलेवाईक आहे : मी दोष घुसवणार नाही, अशी हमी दुरुस्ती पाठवणाऱ्याकडून घ्यावी. खोट्या नावाने आलेला माणूस अशी हमी देताना कशाला अडखळेल?

मात्र समीक्षा एकतर्फी होऊ नये. एप्रिल २०२१ मध्ये त्याच गटाकडून आणखी सदोष दुरुस्त्या आल्या, तेव्हा ग्रेग क्रोह-हार्टमन या ज्येष्ठ देखभालकर्त्याने संपूर्ण विद्यापीठाचेच योगदान थांबवले आणि जुन्या कामाची फेरतपासणी सुरू झाली. त्या ४३५ बदलांपैकी ३४९ निर्दोष निघाले. ३९ सुधारावे लागणार होते. म्हणजे संशयाच्या भोवऱ्यात सापडलेले बहुतेक काम चांगले होते. फसवण्यासाठी पाठवलेल्या दुरुस्त्यांपैकी सदोष असलेली एकही कर्नलमध्ये गेली नव्हती. एकाच्या वागण्याची झळ साऱ्या विद्यापीठाला बसली. हा रागाचा निर्णय होता, असे मला वाटते.

शिवाय निबंधाचा मूळ प्रश्न खोटा नव्हता. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या छोट्या, पण असंख्य ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पात चोरदरवाजा सापडला. तो बसवणाऱ्याने दोनेक वर्षे खरे, उपयुक्त काम करून एकट्या, थकलेल्या देखभालकर्त्याचा विश्वास मिळवला होता. तो उघडकीस आणला आंद्रेस फ्रॉइंडने. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हा प्रश्न त्याने सोडून दिला नाही. दोन्ही टोकांना माणसेच होती : एक एकाकी, एक चौकस. देखभालकर्त्याचा शीण आणि वाचणाऱ्याची चिकाटी हा या विषयाचा गाभा. 'प्रक्रिया' या शब्दाआड तो झाकला जातो.

संशोधकांनी २४ एप्रिल २०२१ रोजी जाहीर माफी मागितली आणि दोनच दिवसांनी निबंध मागे घेतला. अशा संशोधनाचा नमुना म्हणून तो राहू नये, हे कारण त्यांनी स्वतःच दिले. ते कौतुकास्पद आहे. मला तो दस्तऐवज मूळ निबंधापेक्षा सरस वाटतो, कारण त्यात 'आम्ही' हा कर्ता परत आला आहे.

मे महिन्यात लिनक्स फाउंडेशनच्या तांत्रिक सल्लागार मंडळाचा अहवाल आला. विद्यापीठाने पुढे काय करावे, याविषयी त्यातली मुख्य अपेक्षा साधी आहे : दुरुस्ती बाहेर पाठवण्यापूर्वी आपल्याच घरातल्या अनुभवी माणसाने ती एकदा वाचावी.