क्रियापदाचे शेपूट

१९९३ साली एका छोट्या नियतकालिकासाठी मी एका इंग्रजी कथेचा अनुवाद केला होता. तिच्यातल्या एका वाक्यात नायकाने आठवडाभर 'पुट अप विथ हिज ब्रदर' असे म्हटले होते. मी लिहिले, 'तो आठवडाभर भावाकडे उतरला.' 'पुट अप' म्हणजे मुक्काम करणे, एवढे मला माहीत होते; आपल्याकडच्या इंग्रजीत 'व्हेअर आर यू पुटिंग अप?' असे सर्रास विचारले जाते. अंक निघाल्यावर महिन्याभराने एका वाचकाचे पोस्टकार्ड आले. मजकूर दोनच ओळींचा होता. भाऊ याच्या घरी येऊन राहिला आहे आणि हा त्याला कसाबसा सोसतो आहे. आपल्या अनुवादात पाहुणा आणि यजमान यांची अदलाबदल झाली आहे, ती पाहावी. मी कथा पुन्हा वाचली. पुढे दोघा भावांचे जे भांडण होते, त्याला माझ्या अनुवादात कारणच उरले नव्हते.

चूक अज्ञानाची होती, पण हे अज्ञान शब्दांचे नव्हते. 'पुट', 'अप' आणि 'विथ' हे तिन्ही शब्द पाचवीच्या मुलाला येतात. अडचण त्यांच्या बेरजेत होती. इंग्रजीत अशा बेरजेला 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात. साध्या क्रियापदाला एखादे 'अप', 'ऑफ', 'आउट' असे शेपूट लागते आणि जुन्या शब्दांतून नवा अर्थ उभा राहतो. हे प्रकरण आपल्याकडे ज्या रीतीने शिकवले जाते ती रीत मला चुकीची वाटते आणि तिचा तोटा इंग्रजीपेक्षा मराठीला अधिक होतो, असे या लेखात मांडायचे आहे.

सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच या प्रकाराची दखल घेतली होती. क्रियापदाला अव्यय जोडून अर्थ बदलण्याची सवय इंग्रजीला फार आहे आणि परक्या माणसाची सर्वांत मोठी अडचण इथेच होते, असे त्याचे निरीक्षण होते. 'कम ऑफ', 'सेट आउट', 'टेक ऑफ' असे कितीतरी नमुने त्याने तिथे दिले. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव मात्र बरेच नंतरचे. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५च्या 'वर्ड्स अँड इडियम्स' या पुस्तकात ते वापरले आणि त्याचे श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिले.

इंग्रजी माणूस घरात आग 'पुट आउट' करतो, अहवालात ती 'एक्स्टिंग्विश' होते. घरी बेत 'पुट ऑफ' होतो, कचेरीत बैठक 'पोस्टपोन' होते. चौकशीलाही घरात 'लुक इन्टू' आणि कागदावर 'इन्व्हेस्टिगेट' असे दोन पोशाख आहेत. शेपटाची क्रियापदे बहुतेक देशी इंग्रजी धातूंची आणि जड प्रतिशब्द लॅटिन-फ्रेंच वाटेने आलेले. आपण इंग्रजी पुस्तकातून शिकलो, म्हणून जड शब्द आधी शिकलो. दिवा 'एक्स्टिंग्विश' करायला सांगणारा मराठी माणूस विनोदी वाटतो. पण तो चुकलेला नसतो, फक्त कचेरीची भाषा स्वयंपाकघरात बोलत असतो.

सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली मांडलेले 'बेसिक इंग्लिश' या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. परक्या माणसाला ८५० शब्दांत इंग्रजी यावे, अशी ती योजना होती आणि तिच्यात क्रियापदे अवघी १८ ठेवली होती. बाकीच्या क्रियांचे काम 'गो', 'गेट', 'पुट', 'टेक' अशांना दिशादर्शक अव्यये जोडून भागवायचे होते. म्हणजे यादी लहान झाली ती ओझे बेरजांवर टाकून. 'पुट', 'अप', 'विथ' हे तिन्ही शब्द त्या ८५०मध्ये आहेत, आणि माझी फसगत नेमकी त्यांनीच केली. शब्द मोजून भाषेची सोपेपणा ठरवणाऱ्या प्रत्येक योजनेत हीच खोट असते.

आपल्याकडे याच्यावर उपाय म्हणून याद्या पाठ करवल्या जातात. 'गिव्ह अप' म्हणजे त्याग करणे, 'गिव्ह इन' म्हणजे शरण जाणे, अशा वह्या मीही भरल्या. अशा याद्यांत दोन गोष्टी हरवतात. पहिली, शेपटाचा स्वतःचा अर्थ. 'ईट अप', 'यूज अप', 'ड्राय अप' यांत 'अप' म्हणजे वर नव्हे. काम पुरते तडीस गेले, एवढेच ते सांगते. 'पे ऑफ', 'कॉल ऑफ', 'स्विच ऑफ' यांत काहीतरी तुटून वेगळे होते. हा धागा सगळीकडे टिकत नाही, हेही खरे. दिवा 'गोज ऑफ' म्हणजे विझतो आणि गजर 'गोज ऑफ' म्हणजे वाजतो. तिथे पाठांतराला इलाज नाही. दुसरी, वाक्यातली हालचाल. 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न ऑफ द रोड' दिसायला सारखे. पहिल्यात 'ऑफ' उचलून 'लाइट'च्या मागे ठेवता येते. दुसऱ्यात 'रोड'च्या मागे ठेवता येत नाही, कारण तिथे ते रस्त्याशी बांधलेले आहे. आणि दिव्याऐवजी 'इट' आले की 'टर्न इट ऑफ' हीच एक वाट उरते. अर्थाची यादी यातले काहीच सांगत नाही.

हा प्रकार आपल्याला परका का वाटावा, हे कोडे मला बरीच वर्षे होते. संस्कृतात 'हृ' या एकाच धातूपासून प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार होतात, हे शाळेत शिकलेलो आपण. वैदिक भाषेत तर उपसर्ग धातूपासून सुटा राहू शकत असे; पुढे अभिजात संस्कृतात तो धातूला कायमचा चिकटला. इंग्रजीचा प्रवास साधारण उलट झाला. जुन्या इंग्रजीत क्रियापदाआधी लागणारे उपसर्ग पुष्कळ होते. ते क्षीण होत गेले आणि त्यांचे बरेचसे काम मागून येणाऱ्या सुट्या अव्ययांनी घेतले.

मराठीने दोन वाटा धरल्या. पहिली इंग्रजीच्या अगदी जवळची आहे. बैठक पुढे ढकलणे, शब्द मागे घेणे, काम हाती घेणे, मागे लागणे, अंगावर येणे. 'पुढे ढकलणे' आणि 'पुट ऑफ' यांची घडण इतकी जुळते की शिकवणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी. दुसरी वाट संयुक्त क्रियापदाची. 'तो डबा घेऊन गेला' यात घेणे आणि जाणे अशा दोन क्रिया आहेत. 'दूध नासून गेले' यात दूध कुठे गेलेले नाही, क्रिया एकच आहे. 'टर्न ऑफ'च्या दोन वाक्यांत जो भेद, त्याच जातीचा हा भेद आहे. आणि 'तुला बघून घेईन' या धमकीत बघणेही नाही आणि घेणेही नाही. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाने ही धमकी कोशात शोधली, तर त्याची माझ्यासारखीच गत होईल.

दोन्ही भाषांत एक मोठा फरक आहे. इंग्रजीचे शेपूट बहुधा क्रियेची दिशा किंवा पूर्तता सांगते. मराठीचे दुसरे क्रियापद त्याशिवाय करणाऱ्याचे मनही सांगते. 'मी तिला सांगून टाकले' यात मोकळे होणे आहे. 'सांगून ठेवले' यात पुढची तजवीज आहे. 'सांगून बसलो' यात पस्तावा आहे. तिन्हींचे इंग्रजी 'टोल्ड हर' असे एकच केले, तर तीन माणसे एक होतात. उलट दिशेने येताना 'गिव्ह अप'साठी 'त्याग केला' लिहिले, की सिगरेट सोडून देणारा माणूस संन्यासी होतो.

बोलीत मात्र आपण ही इंग्रजी शेपटे निवांत वापरतो. गाडी पिकअप घेत नाही, चेकअपला जायचे आहे, कटऑफ वाढली, फॉलोअप घेतला, २०२०मध्ये लॉकडाऊन लागला. आपण यांतले क्रियापद घेतलेले नाही, नाम घेतले आहे. काळ, वचन, पुरुष यांचा भार अजूनही करणे, घेणे, लागणे हेच उचलतात. मराठी बुडाल्याची हाकाटी करणाऱ्यांनी वाक्याच्या शेवटी कोण उभे आहे, हे पाहावे. मला धोका दुसरीकडे दिसतो. 'सुनावणी पुढे ढकलली' कापून 'स्थगित करण्यात आली' करणारा, 'करून टाकले'मधले 'टाकले' फाफटपसारा म्हणून खोडणारा संपादकी हात. तो आपल्याच भाषेतले 'पुट ऑफ' काढून 'पोस्टपोन' बसवतो आहे आणि त्याला शुद्धता म्हणतो आहे. अशा गद्यावर वाढलेल्या अनुवादकाला 'सांगून बसलो' वेळेवर सुचत नाही. मला सुचले नव्हते, कारण लिखित मराठी म्हणजे तत्सम मराठी अशी माझीही समजूत होती.

ते पोस्टकार्ड मी जपून ठेवले आहे. त्या कथेचा अनुवाद आज पुन्हा केला, तर ते वाक्य असे लिहीन : 'आठवडाभर त्याने भावाचे सगळे खपवून घेतले.' 'खपवून घेणे' हा शब्द मी कुठल्याही वहीत उतरवला नव्हता. तो आमच्या घरात रोज ऐकू येत होता.