समुपदेशकाचे शिक्षण आणि रॉजर्सच्या सहा अटी

मनोपचाराने व्यक्तिमत्त्वात परिवर्तन घडण्यास आवश्यक आणि पुरेशा अशा अटी कोणत्या, याविषयीचा कार्ल रॉजर्स यांचा १९५७ सालचा निबंध समुपदेशनाच्या विद्यार्थ्यास आजही वाचावा लागतो. परंतु विद्यार्थी बहुधा त्यातील तीनच अटी पाठ करतो : समुपदेशकाची आंतरबाह्य एकरूपता, बिनशर्त आदर आणि समानुभूती. मूळ निबंधात अटी सहा आहेत. उरलेल्या तिहींच्या उपेक्षेने शिक्षणाची जी हानी होते, तिचा येथे विचार करावयाचा आहे.

सहावी अट अशी की, समुपदेशकाचा आदर व त्याची समानुभूती समोरच्या व्यक्तीस निदान काही अंशी तरी जाणवली पाहिजे. म्हणजे कौशल्याची कसोटी बोलणाऱ्याच्या वाक्यात नसून ऐकणाऱ्याच्या अनुभवात आहे. पुढे १९६८ पासून आयव्ही यांनी मुलाखतीचे लहान लहान कौशल्यघटक पाडले, आणि कार्कफ यांनी प्रतिसादांच्या श्रेणी ठरविल्या. यामुळे कौशल्ये शिकविता येऊ लागली, हे निःसंशय. तथापि मोजमाप समुपदेशकाच्या वाक्याचेच होत राहिले, तर "तुम्हाला फार एकटे वाटते, असे दिसते" यासारखी वाक्ये केवळ प्रतिध्वनी ठरतात. मराठीत ही अडचण अधिक स्पष्ट होते. 'तू', 'तुम्ही' की 'आपण' हे पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते. महाविद्यालयीन तरुणाला केलेले 'तू' एकास जिव्हाळ्याचे वाटेल, दुसऱ्यास उणेपणाचे. त्याचा निर्णय कोणत्याही श्रेणीपत्रकावरून होणार नाही.

ज्ञानाचा प्रश्न याहून गंभीर आहे. उपचारकास मानसशास्त्रीय अथवा वैद्यकीय असे विशेष ज्ञान असलेच पाहिजे, ही अट रॉजर्स घालीत नाहीत. निदानही त्यांना अनिवार्य वाटत नाही. पदवीच्या अधिकाराविरुद्ध हे धाडस मोलाचे होते. परंतु 'पुरेशा' हा शब्द त्यांनी गृहीतक म्हणून मांडला होता, सिद्धान्त म्हणून नव्हे. विस्कॉन्सिन येथे छिन्नमनस्कतेच्या रुग्णांवर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासाचा वृत्तान्त १९६७ साली आला. त्यात उपचार घेतलेला गट एकंदरीत इतरांहून स्पष्टपणे सरस ठरला नाही. शिवाय दोन व्यक्तींत मानसिक संपर्क असावा, ही पहिली अट, आणि समोरची व्यक्ती अंतर्विरोधाने व्याकुळ असावी, ही दुसरी. भ्रमाने ग्रासलेल्या माणसाशी असा संपर्क जुळला आहे काय, हे ओळखण्यास ज्ञानच लागते. अवटू ग्रंथीच्या मंदतेने आलेली उदासी निव्वळ समानुभूतीने जाणार नाही; तेथे वैद्याकडे पाठविणे हेच समुपदेशकाचे कर्तव्य होय. आत्महत्येचा विचार मनात आहे काय, हे सरळ विचारल्याने तो विचार रुजत नाही, हेही त्याला ठाऊक हवे. हे ज्ञान नसलेला सहृदय समुपदेशक एखाद्याच्या जिवावर बेतणारी चूक करू शकतो.

मग रॉजर्स यांच्याकडून घ्यावयाचे काय? १९४२ च्या ग्रंथात त्यांनी एका व्यक्तीच्या आठ मुलाखती ध्वनिमुद्रणावरून अक्षरशः उतरवून छापल्या आणि उपचाराचे बंद दार अभ्यासकांसाठी उघडले. तीच शिस्त विद्यार्थ्याने अंगी बाणवावी. समोरच्याच्या संमतीने आपले संभाषण मुद्रित करावे, अध्यापकासह ते ऐकावे, आणि आपले कोणते बोलणे त्या व्यक्तीपर्यंत पोहोचले, हे तिलाच विचारावे. सहाव्या अटीचा अभ्यास याखेरीज होणे नाही.