भीमगीतांतील मुक्तिदाता

ठाणे-कल्याण परिसरातील वस्त्यांत १४ एप्रिलला गायिली जाणारी भीमगीते आपल्या समीक्षेने प्रचारगीते म्हणून पुष्कळदा बाजूस सारली. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांची रचना पाहता हा निवाडा टिकत नाही. स्तवन डॉ. आंबेडकरांचे असले, तरी वामनदादांचे संबोधन श्रोत्यास असते. गुलामीतून सुटलेल्यास ते त्याच्या कर्तव्याचा जाब विचारते.

तथापि या परंपरेत एक उणीव भासते. तिचा नायक बहुधा सूर्य किंवा बाप असतो. कायदा घडविणारा मुत्सद्दी क्वचितच. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ही खोती मुख्यतः रत्नागिरीची, परंतु ठाणे जिल्ह्याच्या काही भागांतही ती होती. वेठीने पिचलेले वारली १९४५ साली कल्याणजवळच्या टिटवाळ्यास किसान परिषदेला आले होते. पुढे संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस बंदी केली. इतका जिवंत विषय हाताशी असता कवींनी उपमांवर का भागवावे?

स्तवनाची भक्ती झाली की गुलामी कशाने तुटली हा तपशील गळतो. राजकारणातील भक्तीचा धोका स्वतः बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितला होता. वामनदादांच्या उत्तम गीतांत हा तोल सुटत नाही. त्यांच्या अनुकारकांत तो वारंवार सुटतो.