मंद नेटवर्कचे निदान : मार्क रसिनोविच यांच्या विवेचनाची चिकित्सा

संगणकाचे नेटवर्क मंदावले की संशय प्रथम केबलवर, स्विचवर किंवा सेवा पुरविणाऱ्या कंपनीवर जातो. दोष संगणकाच्याच कार्यप्रणालीत, तिच्या डिव्हाइस ड्रायव्हरमध्ये असू शकतो, हा विचार सहसा शेवटी सुचतो. विंडोज व्हिस्टावर गाणे सुरू करताच फाइल-हस्तांतरणाचा वेग कोसळतो, अशा तक्रारी २००७ मध्ये पुढे आल्या. मायक्रोसॉफ्टमध्ये कार्यरत असलेल्या मार्क रसिनोविच यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये या तक्रारींची केलेली मीमांसा निदानपर लेखनाचा उत्तम नमुना ठरते.

त्यांच्या विवेचनाचे बळ कार्यकारणभावाच्या मांडणीत आहे. ध्वनी अखंड ऐकू यावा म्हणून व्हिस्टातील मल्टिमीडिया क्लास शेड्यूलर ही सेवा संबंधित थ्रेडला वरचा अग्रक्रम देते. तथापि नेटवर्कच्या पॅकेटांवरील प्रक्रिया डिफर्ड प्रोसीजर कॉलमध्ये होते आणि तिच्यापुढे कोणत्याही थ्रेडचा अग्रक्रम निष्प्रभ ठरतो. यावर उपाय म्हणून एनडीआयएस या नेटवर्क ड्रायव्हरलाच लगाम घालण्यात आला : एका मिलिसेकंदात जास्तीत जास्त १० पॅकेट. सुमारे १५०० बाइटचे पॅकेट धरल्यास ही मर्यादा सेकंदाला १५ मेगाबाइट होते. १०० मेगाबिटच्या जाळ्याची क्षमताच सुमारे १२ मेगाबाइट असल्याने तेथे काहीच जाणवत नाही. गिगाबिट जाळ्यावर मात्र हानी उघड होते. त्यात आणखी एक चूक होती. दोन नेटवर्क कार्डे असल्यास मर्यादा सेकंदाला ८,००० आणि तीन असल्यास ६,००० पॅकेटांवर येई. म्हणजे जेमतेम ९ मेगाबाइट, आणि मग जुन्या जाळ्यावरही मंदी दिसे.

ही ठाम मर्यादा अदूरदर्शी होती, हे रसिनोविच मान्य करतात. आपल्याच संस्थेच्या उत्पादनाविषयी असे लिहिणे सोपे नसते. परंतु त्यांची टीका आकड्यापाशीच थांबते. खरा आक्षेप आकड्यावर नसून मौनावर घ्यावयास हवा. कार्यप्रणाली स्वतःहून वेग कमी करते आणि वापरकर्त्याला दिसेल अशी सूचना देत नाही. म्हणूनच निर्दोष केबल बदलल्या जातात. २००८ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने रजिस्ट्रीतून मर्यादा बदलण्याची सोय दिली. परंतु कारण ठाऊक नसलेला मनुष्य रजिस्ट्रीपर्यंत पोहोचणार कसा?

दुसरी मर्यादा पद्धतीची आहे. हे निदान आतल्या माहितगाराचे आहे. ड्रायव्हरला कोणती आज्ञा मिळते हे बाहेरच्या व्यवस्थापकाला दिसत नाही. तरीही विवेचनातील आकडे त्याच्या उपयोगी पडतात. गिगाबिट जाळ्यावर एकच मोठी फाइल ध्वनी बंद ठेवून व सुरू ठेवून उतरवावी, मग एकेक अतिरिक्त कार्ड अक्षम करून तोच प्रयोग पुन्हा करावा. ध्वनी सुरू असताना वेग ९, १२, १५ मेगाबाइट अशा पायऱ्यांनी चढला आणि ध्वनी थांबताच पुष्कळ वर गेला, तर केबल उसवण्याचे कारण उरत नाही.