ह्यू मिलरचे घर : पाथरवटाचे स्मारक की ग्रंथकाराचे?

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील क्रोमार्टी या लहानशा बंदरगावात गवताने शाकारलेले एक लांबट, ठेंगणे घर आहे. १८०२ मध्ये ह्यू मिलरचा जन्म येथे झाला. हे घर १९३८ पासून नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेच्या ताब्यात असून ‘पाथरवटाचे घर’ म्हणून त्याची ख्याती आहे. ही ख्याती कितपत यथार्थ आहे, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

घर बांधले ते पाथरवटाने नव्हे. मिलरचा पणजोबा जॉन फेडीस हा समुद्रावर लुटालूट करणाऱ्यांपैकी एक. त्याच्या कमाईतून हे घर उभे राहिले. मिलरचा पिताही दर्यावर्दीच होता आणि १८०७ मध्ये तो समुद्रात नाहीसा झाला. शेजारचे प्रशस्त दुमजली घर त्याने बांधविले होते. ते संग्रहालय म्हणून २००४ मध्ये खुले झाले. तात्पर्य, दोन्ही वास्तू समुद्राच्या पैशावर उभ्या आहेत. टाकी-हातोड्याच्या मिळकतीचा त्यांत अंशही नाही.

मिलरने १८२० मध्ये, १७ वर्षांचा असताना, नात्यातल्याच एका गवंड्याच्या हाताखाली उमेदवारी पत्करली आणि सुमारे १५ वर्षे हा व्यवसाय केला. या काळातले त्याचे खरे निवासस्थान म्हणजे ‘बॉथी’ : बांधकाम जेथे चालू असेल तेथे, बहुधा एखाद्या शेतवाडीच्या कोठारात वा गोठ्यालगत, मजुरांना एकत्र कोंबण्याची जागा. तेथील ओटचे पीठ, गळकी छपरे आणि दांडगाई यांचे वर्णन मिलरने आपल्या आत्मचरित्रात (१८५४) विस्ताराने केले आहे. एडिंबरोजवळ काम करीत असता दगडाची भुकटी त्याच्या फुफ्फुसांत गेली ती कायमची. त्या शहरातील दगडफोड्यांपैकी म्हातारपण गाठणारे विरळाच, हे त्याने स्वतःच नोंदविले आहे. अशा बॉथीचे स्मारक कोणी केले नाही. जतन झाले ते पाथरवटकी सोडून आधी बँकेत हिशेबनीस आणि पुढे १८४० पासून ‘विटनेस’ या एडिंबरोच्या वृत्तपत्राचा संपादक झालेल्या माणसाचे जन्मघर. वारसा म्हणून आपण काय निवडतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

तथापि एवढ्यावरून या वास्तूस महत्त्व नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मिलरची कीर्ती ज्या ग्रंथावर उभी आहे, त्या ‘ओल्ड रेड सँडस्टोन’चा (१८४१) प्रारंभच खाणीतील पहिल्या दिवसांच्या वर्णनाने होतो. सुरुंगाने खडकाचा थर उकलला, तो आत ओहोटीनंतरच्या वाळूवर उमटतात तशा लाटांच्या वळ्या दिसल्या. विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेल्या पोराने त्या ‘वाचल्या’, कारण दगड कोणत्या बाजूने फुटतो आणि कोठे दगा देतो, हे त्याच्या हाताला शिकवले जात होते. क्रोमार्टीच्या किनाऱ्यावर त्याला सापडलेल्या, पंखांसारखे अवयव असलेल्या चिलखती माशाला अगासी या थोर शास्त्रज्ञाने ‘मिलेरी’ हे नाव दिले. भूशास्त्रज्ञ मिलर हा गवंडी मिलरच्या पोटी जन्मला, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. आणि खाण, किनारा व घर ही तिन्ही एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत, हेच या स्थळाचे खरे वैशिष्ट्य होय.

जाता जाता एका गोष्टीचा उल्लेख करावासा वाटतो. १८४३ च्या फुटीनंतर निघालेल्या ज्या फ्री चर्चची बाजू मिलरच्या पत्राने लढविली, त्याच चर्चचा मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपुरास आला आणि टाकळीच्या परिसरातील जीवाश्म गोळा करून विदर्भाच्या भूशास्त्राचा पाया घालून गेला. धर्मनिष्ठा आणि खडकांचे वेड यांचा तो संयोग आपल्याकडेही पोहोचला होता. नागपूरकरांस हिस्लॉप ठाऊक आहे तो मात्र महाविद्यालयाच्या नावापुरता.

राहता राहिला मिलरच्या हाताचा प्रत्यक्ष पुरावा. घराच्या बागेत त्याने घडविलेले सूर्यघड्याळ आहे. परंतु ते हौसेचे काम, त्यात कारागिराचा डौल अधिक. त्याची अस्सल निशाणी पाहावयाची तर घर सोडून गावाबाहेरच्या सेंट रेग्युलसच्या जुन्या स्मशानभूमीत जावे लागते. १८३९ मध्ये त्याची पहिली मुलगी एलायझा तान्ह्या वयात गेली. तोवर तो बँकेतला प्रतिष्ठित मनुष्य झाला होता. दगड दुसऱ्याकडून घडवून घेणे त्याला सहज शक्य होते. तो त्याने स्वतः घडविला, आणि त्यानंतर टाकी पुन्हा हाती धरली नाही असे सांगतात. जन्मघराला छप्पर आहे, राखणदार आहेत. तो लहानसा दगड मात्र उघड्यावर, समुद्राच्या वाऱ्यात उभा आहे. क्रोमार्टीच्या वारशाची मोजदाद करणाऱ्याने प्रथम त्याची नोंद घ्यावी.