रणभेरी आणि रुग्ण देह

उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी ताडपत्रांवरून सिद्ध केलेली ‘पुरनानूरु’ची पहिली मुद्रित आवृत्ती १८९४ मध्ये मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, छापली गेली आणि संगमकालीन चारशे कवितांचा हा संग्रह आधुनिक वाचकाच्या हाती आला. वीरकाव्य म्हणून त्याची कीर्ती मोठी आहे. त्यामुळे त्यातील एक प्रश्न बराचसा दुर्लक्षित राहिला. युद्ध आले असता कुणाला जावे लागते, आणि आजारी, असमर्थ माणसाचे काय होते, हा तो प्रश्न होय.

संग्रहातील नववी कविता नेट्टिमैयार या कवीची आहे. पांड्य राजा मुदुकुडुमी पेरुवळुदी याला दीर्घायुष्य चिंतणे हा तिचा हेतू. परंतु त्या आशीर्वचनाच्या पोटात युद्धापूर्वीची एक घोषणा आहे. बाण सुटण्यापूर्वी राजा काहींना सुरक्षित ठिकाणी निघून जाण्यास सांगतो. त्यांत गाई आहेत, ब्राह्मण आहेत, स्त्रिया आहेत, व्याधिग्रस्त आहेत आणि पितरांचे ऋण फेडील असा पुत्र ज्यांना अद्याप झालेला नाही असेही आहेत. व्याधिग्रस्तांना येथे काहीही सिद्ध करावे लागत नाही. कोणती व्याधी, किती दिवसांची, कुणी पाहिली, असे राजा विचारीत नाही. आजारी माणूस आजारी आहे हे त्याच्या शब्दावर, किंबहुना त्याने शब्द उच्चारण्यापूर्वीच, मान्य केलेले आहे.

या कवितेचे कौतुक धर्मयुद्धाचा पुरावा म्हणून पुष्कळदा होते. ते अस्थानी नाही, पण अपुरे आहे. ही सूट ज्या प्रदेशावर बाण सुटणार आहेत तेथील प्रजेला आहे. राजाच्या स्वतःच्या सैन्यातील तापाने फणफणलेल्या माणसाविषयी कविता मूक राहते. शत्रूच्या घरातील रुग्णाला अभय आहे. आपल्या घरातील रुग्णाला काय आहे, ते कळत नाही.

ते काही अंशी कळते २७९ व्या कवितेत. ओक्कूर मासात्तियार या कवयित्रीची ही रचना ‘मूदिन् मुल्लै’ या प्रकारात, म्हणजे प्राचीन वीरकुलातील स्त्रीच्या धैर्याच्या वर्णनात, मोडते. हत्तीला लोळवून या स्त्रीच्या माहेरचा पुरुष रणात पडला आहे. काल गोधनाच्या रक्षणात तिचा पती गेला. आज पुन्हा नगारा वाजतो आहे. ती एकुलत्या एका मुलाच्या हाती भाला देते, त्याला शुभ्र वस्त्र नेसवते, त्याच्या विस्कटलेल्या शेंडीला तेल लावते आणि त्याला रणाकडे पाठवते. नवव्या कवितेचा न्याय या घराला लावला, तर ज्याला अद्याप पुत्र नाही असा हा मुलगा सुटला असता. पण तो न्याय परक्यांसाठी आहे. मुलाला कवयित्रीने एकही शब्द दिलेला नाही. जायचे की नाही हे त्याला कुणी विचारलेले दिसत नाही.

परंपरेने ही कविता निखळ प्रशंसा म्हणून वाचली. तिच्या आरंभीच मात्र या स्त्रीच्या मनाविषयी एक जळजळीत उद्गार आहे, आणि शब्दशः घेतला तर तो शाप आहे. टीकाकार त्याला विस्मयाची रीत समजतात. ते बरोबरही असेल; पण विस्मय व्यक्त करण्यासाठी शापाचाच शब्द हाताशी यावा, ही गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही. स्तुतीच्या साच्यात बसूनही कवयित्रीचा जीव त्या तेल लावणाऱ्या हातापाशी अडला आहे.

मराठी वाचकाला हे वळण परके वाटू नये. तुळसीदास शाहिराच्या तानाजीच्या पोवाड्यात बोलावणे येते ते मुलाचे लग्न दारी असताना. तानाजी सूट मागत नाही. त्याच्याबरोबर निघणारा शेलारमामा परंपरेने ऐंशी वर्षांचा. वय सांगून घरी राहण्याचा अधिकार त्याच्याइतका दुसऱ्या कुणाचा? शाहीर ते वय सांगतो ते मात्र नेमके उलट्या कामासाठी. म्हातारपण ही सबब न होता पराक्रमाची मिती होते. पुरम् कविता असो वा पोवाडा, सूट मागणाऱ्याला तेथे जागा नाही. त्याला घेतले तर रचनाच मोडेल.

ही जागा युरोपात एका विनोदी कादंबरीने केली. यारोस्लाव्ह हाशेक या चेक लेखकाचा श्वेइक (१९२१–२३) वैद्यकीय मंडळाने पूर्वीच जडबुद्धी ठरवून लष्करातून सोडलेला माणूस आहे. १९१४ चे महायुद्ध पेटते आणि त्याला पुन्हा बोलावणे येते. संधिवाताने पाय धरलेले असताना तो चाकाच्या खुर्चीतून, युद्धाच्या घोषणा देत, प्रागच्या रस्त्याने मंडळापुढे जातो. नियमाने सुटू शकणारा माणूस घेण्याचा आग्रह धरतो, म्हणूनच तो लबाड ठरतो. लष्करी डॉक्टरांच्या लेखी प्रत्येक रोगी ढोंगी. एनिमा, क्विनाईन आणि जठर धुणे ही उपचारांची नव्हे, कबुलीची साधने. नेट्टिमैयारच्या राजाने न तपासता मानलेली व्याधी येथे तपासूनही मानली जात नाही.

भारतात सैन्यभरती ऐच्छिक असल्याने श्वेइकसारखी सक्तीची परिस्थिती येथे सरसकट उद्‌भवली नाही. तरी परत बोलावण्याचा प्रश्न येथेही आहे, आणि त्याचा एक पत्ता चेन्नईचाच आहे. १९६२ च्या युद्धानंतर तातडीने अधिकारी घडविण्यासाठी पुणे आणि मद्रास येथे प्रशिक्षणशाळा निघाल्या. पुण्याची लवकरच बंद झाली. सेंट थॉमस माउंटजवळची टिकली आणि १९८८ पासून ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी म्हणून ओळखली जाते. अल्पमुदतीच्या सेवेतून मुक्त झालेल्या अधिकाऱ्यावर पुढे काही वर्षे राखीव सेवेचे बंधन असते. त्याच्या प्रकृतीचा निवाडा ‘शेप’ या पाच अक्षरी पद्धतीने होतो: मन, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता, दृष्टी. प्रत्येकाला आकडा.

या आकड्यांपुढे उभ्या राहिलेल्या, खरोखर आजारी असलेल्या आणि तरीही संकोचलेल्या माणसाला मराठी कादंबरीने अद्याप पुरेसे पाहिलेले नाही. तो भित्रा नाही, म्हणून प्रहसनाला उपयोगी नाही. तो निघत नाही, म्हणून पोवाड्याला नाही. गुडघा दुखतो हे वाक्य तो कोणत्या स्वरात उच्चारील? जुन्या तुकडीतले सोबती निघालेले असताना प्रमाणपत्राची घडी खिशात ठेवणारा हात आणि मासात्तियारच्या कवितेतला तेल लावणारा हात एकाच बारकाईने लिहावे लागतील.