पैसा लोकांचा, मग शोध कुणाचा?

(पिपरी मेघे येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आजचा विषय तसा कोरडा आहे. सरकारी पैशातून झालेलं संशोधन आणि त्याची आकडेवारी सगळ्यांना खुली करावी, असे नियम आहेत. ते पाळायचे म्हणजे नेमकं काय करायचं? मी तत्त्वज्ञानाचा मास्तर, त्यामुळे सुरुवात जुन्या उदाहरणापासून करतो.

'पर्वतावर अग्नी आहे.' न्यायदर्शनात ही झाली प्रतिज्ञा. का? तर धूर दिसतो, हा हेतू. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. मग उपनय आणि निगमन. स्वतःची खात्री करून घ्यायला एवढा पसारा लागत नाही. दुसऱ्याला पटवायचं असेल तर मात्र पाचही अवयव मांडावे लागतात. म्हणून त्याला परार्थानुमान म्हणतात. आता एखादा शोधनिबंध बघा. सारांश फुकट वाचायला मिळतो, म्हणजे प्रतिज्ञा मिळाली. हेतू हवा असेल तर बहुधा डॉलर मोजा. ते मोजूनही मूळ आकडे मिळतीलच असं नाही. मग आपल्या हाती उरतं ते आप्तवचन. जाणकार म्हणाले, म्हणून खरं!

यावर सरकारनं उपाय केला. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला मंत्रिमंडळानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं, सहा हजारांवर सरकारी संस्था. लहान गावच्या सरकारी कॉलेजातल्या मुलाला यातून फायदा होईल, हे मान्य केलंच पाहिजे. पण नाव नीट वाचा. ही वर्गणी आहे. दार उघडतं ते संस्थेच्या लॉगिनवर. मी निवृत्त झालो आणि माझं लॉगिन बंद झालं. आशाताईकडे ते कधीच नव्हतं. शेतकऱ्याकडे नव्हतं, गावातल्या खासगी डॉक्टरकडेही नव्हतं. म्हणजे 'नेशन' या शब्दात संस्था बसल्या, माणसं बाहेर राहिली. वर्गणी भरणं आणि खुलं करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खुलं करण्याचा स्वस्त रस्ता आपल्याकडे आधीपासून आहे. जैवतंत्रज्ञान विभाग आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभाग यांनी डिसेंबर २०१४ मध्येच धोरण काढलं. आमच्या निधीतून काम झालं असेल, तर निबंधाचं स्वीकारलेलं अंतिम हस्तलिखित खुल्या भांडारात ठेवा, असं ते सांगतं. त्यासाठी प्रकाशकाला वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. जमत नाही, असं कुणी म्हणू नये. पीएच.डी.च्या प्रबंधांबाबत २००९ च्या नियमानं तेच सांगितलं, आणि आज 'शोधगंगा'वर कुणीही, कुठल्याही लॉगिनशिवाय, प्रबंध वाचतो. प्रबंधाला जमलं ते निबंधाला का जमू नये?

हिशेब उघडा असला की काय होतं, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. रोजगार हमीच्या मजुरांना तेव्हा दिवसाला चार रुपये मिळत. मजुरीचा हिशेब पागे समितीनं मांडला होता. वर्धा जिल्ह्यातल्याच कान्हापूरला काम करणारे तरुण डॉक्टर अभय बंग यांनी तो तपासायला घेतला. माणसाला कष्टाला किती अन्न लागतं, कुटुंबात खाणारी तोंडं किती, हे त्यांनी पुन्हा मांडलं आणि चुका दाखवल्या. पुढे मजुरी बारा रुपयांवर गेली. समितीनं नुसता आकडा सांगून हिशेब कपाटात ठेवला असता, तर चूक सापडली असती का? उघड्या आकड्यांची किंमत अशी मजुराच्या ताटात मोजायची असते.

आता दुसरी बाजू. उद्या कुणी म्हणेल, टाका सगळी माहिती इंटरनेटवर. थांबा! दीडशे घरांच्या गावात 'विधवा, वय ४५, एक मुलगा, क्षयरोग' असं लिहिलं, तर नाव लिहायची गरजच काय? पारावर बसलेला कुणीही ओळखेल. २०१२ च्या राष्ट्रीय डेटा धोरणानंसुद्धा संवेदनशील माहिती वेगळीच ठेवली आहे. पण याच सबबीखाली काही जण सगळंच दडवतात, तेही चूक.

म्हणून नियम पाळायचा तो प्रकल्प संपल्यावर नाही, सुरू होण्याआधी. आकडे पुढे इतरांना देऊ का, हे संमतीपत्रातच, माणसाला समजेल अशा मराठीत विचारा. वय नेमकं न देता गट द्या, गावाऐवजी तालुका द्या. कुठल्या रकान्याचा अर्थ काय, ते लिहून ठेवा, नाहीतर दहा वर्षांनी तुमचे आकडे तुम्हालाच कळणार नाहीत. जे देता येत नाही, ते का देत नाही हेही लिहा. आणि निष्कर्षाचं एक पान ग्रामसभेत वाचून दाखवा. हे शेवटचं कुठल्या नियमात असो वा नसो, ज्यांनी माहिती दिली त्यांचं ते देणं आहे.

शेवटी तुम्हाला एक काम सांगतो. पुढच्या वेळी सर्वेक्षणवाली मुलं वही घेऊन दारात आली, की त्यांना पाणी द्या, बसवा, उत्तरं द्या. आणि जाताना एवढंच विचारा, "बाळांनो, हे लिहून झालं की आम्हाला वाचायला कुठं मिळेल?" त्यांना उत्तर आलं नाही, तरी ते परत जाऊन आपल्या सरांना विचारतील. सरांनाही उत्तर शोधावं लागेल.